पनवेलच्या गच्चीवरची तार

पनवेलला लोक उतरतात ते पुढे कुठेतरी जायला. कोकणात निघालेले तिथे चहा पितात, पुण्याला जाणारे तिथून घाटाची वाट धरतात, आणि मुंबईकर तिथे पोचले की ‘सुटलो एकदाचे’ म्हणतात. खास पनवेलसाठी चार दिवस पनवेलला गेलेली, तेही पिशवीत तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन, आख्ख्या मिरजेत मीच एकटी असेन. परत येऊन आठवडा झाला. शेजारीण रोज विचारते, ‘काय काय पाहिलंत?’ मी सांगते, ‘गच्ची पाहिली.’ तिला वाटतं मी चेष्टा करते. तेव्हा एकदा सगळं लिहूनच काढलेलं बरं.

मला हौशी रेडिओचा नाद आहे. सरकारचा परवाना काढायचा, घरी सेट लावायचा, छपरावर तार बांधायची आणि हाक मारायची. जो उत्तर देईल त्याच्याशी बोलायचं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मी तीस वर्षं काढली. नोकरी संपली, नाद उरला. आमचं बोलणं तोंडानं नाही, मोर्समध्ये, म्हणजे जुन्या तार ऑफिसातलं ते कडकट्ट. रोज सकाळी साडेसहाला आम्ही चौघं हवेत भेटायचो: मिरजेची मी, एक हुबळीचे, एक नागपूरचे आणि बार्शीचे सुधाकरराव. सुधाकररावांची सगळी हयात तार ऑफिसात गेली, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अक्षरं रोमन, पण भाषा मराठी. अकरा वर्षं आम्ही असे रोज बोललो. समोरासमोर भेट मात्र एकदाही नाही, आणि फोन करायची कधी गरजच पडली नाही.

गेल्या वर्षी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्र काढावं लागलं. मुलानं त्यांना बार्शीहून पनवेलला आपल्या फ्लॅटवर आणलं. त्यानंतर सहा महिने सकाळी आम्ही तिघंच असायचो आणि त्यांच्या पाळीला नुसती शांतता. मग एक दिवस मोबाइलवर त्यांचा मेसेज आला: ‘सेट घेऊन जा. इथे सेटवर काही ऐकू येत नाही. आता उपयोग नाही.’

मी दोन दिवस धुसफुसत होते. घरच्यांच्या दृष्टीनं मास्तरांचा आवाज गेला होता हे खरं, पण मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. मला माहीत असलेल्या मास्तरांचं काहीच गेलेलं नव्हतं. बोटं शाबूत, कान शाबूत, डोकं माझ्यापेक्षा बरं. अडलं होतं ते फक्त एका तारेवाचून. मी उलट लिहिलं, ‘येते. पण आधी तिथे नीट तार बांधणार. सोमवारपर्यंत तुम्ही हवेत आला नाहीत, तर सेट उचलून नेते.’ त्यांनी लिहिलं, ‘मान्य.’

शुक्रवार, नवीन पनवेल

रात्रीच्या बसनं मला पहाटे कळंबोलीला उतरवलं. उजाडायच्या आत त्या रस्त्यावर ट्रकांची रांग आणि प्रत्येक ट्रकवर लोखंडी सळ्यांचे भारे. अंग भिजून जावं असा घाम मला जानेवारीत फुटला. मिरजेला आम्ही त्या दिवसांत शाल सोडत नाही. रिक्षावाल्यानं माझ्या पिशवीतून बाहेर आलेलं तारेचं टोक पाहिलं आणि विचारलं, ‘मावशी, केबलचं काम का?’ मी हो म्हणून टाकलं. समजावत बसले असते तर सूर्य वर आला असता.

दार उघडलं मास्तरांच्या सुनेनं, केतकीनं. ती एका शाळेत शिकवते. मागे मुलगा मंदार, दाढीला फेस लावलेला. आणि त्याच्या मागे एक उंच, वाळलेले गृहस्थ, गळ्याला पांढरं मऊ फडकं बांधलेले. अकरा वर्षांची ओळख आणि मी म्हणाले काय, तर ‘तुम्ही एवढे उंच असाल असं वाटलं नव्हतं.’ त्यांचे खांदे हलले. आवाज नाही, पण हसले ते स्पष्ट कळलं.

मास्तर श्वास घेतात तो गळ्याच्या छिद्रातून, त्यावर ते फडकं. घशाला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलेलं होतं. ते वापरून मास्तरांनी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा नात भेदरून रडायला लागली. त्या दिवसापासून यंत्र कपाटात. आता खिशात छोटी डायरी आणि पेन्सिल. लिहितात तेही तारेच्या सवयीनं, शब्दाला पैसे पडत असल्यासारखं. ‘चहा?’ ‘औषध झालं.’ ‘नको.’ मंदार मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, ‘मावशी, बाबा तसे कमीच बोलायचे. आता तर दिवसाला दहा शब्द होतात.’ हवेत हे मास्तर एकदा सुरू झाले की नागपूरकर पाळी मागून मागून थकायचे.

सेट टेबलावर होता, पुसून लखलखीत केलेला. बाजूला परवान्याची फाइल. मी सहज उघडली. परवान्यावरचा पत्ता बदलून पनवेलचा करून घेतलेला, तोही तीन महिन्यांपूर्वी. ज्याला सोडायचंय तो माणूस अर्ज-बिर्ज करून पत्ता बदलून घेईल कशाला? मी फाइल मिटून ठेवली आणि मला एकदम बळ आलं.

गच्चीची किल्ली सोसायटीच्या अध्यक्षांकडे होती. मी मनात भांडणाची पूर्ण तयारी करून गेले. सोसायटी म्हणजे नन्नाचा पाढा, हे मी इतरांकडून ऐकून होते. अध्यक्ष हिराजी घरत, मूळचे इथल्याच गावचे. पूर्वी त्यांची मिठागरं होती. ती नव्या वस्त्यांच्या पोटात गेली, आणि इमारत उभी आहे ती जमीनही एकेकाळी त्यांचीच. लुंगीवर बसून कोळंबी निवडत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे मास्तर त्या तारेवरून बोलनार?’

‘हो.’

‘मंग बांदा की. इचारताव कशाला? मना जिन्यात भेटतात तवा नुसती मान हलवतात, मनाच कसा तरी व्हते.’

भांडणाची तयारी वाया गेली. जिभेवर आलेली वाक्यं गिळून मी किल्ली घेतली.

आम्ही बोलतो त्या चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्याला लागणारी तार तशी साधी असते. दहा-दहा मीटरचे दोन हात, मधोमध खाली सेटकडे जाणारी केबल. मध्य उंच बांधायचा, हात दोन्ही बाजूंना उतरते सोडायचे, टोकांना नायलॉनची दोरी. घरतशेठनी कुठूनसा वीस फुटी बांबू आणला आणि जिन्यावरच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीशेजारी, स्वतः बांधला. मी मिरजेच्या पद्धतीनं गाठी मारत होते. त्यांनी एक गाठ ओढून पाहिली आणि सोडून पुन्हा बांधली. ‘ही पोत्याची गाठ. वाऱ्यात नाय टिकनार. होडीची मारा.’ चार दिवस खाडीचा वारा सुटला होता, ती गाठ इंचभर सरकली नाही.

माझी फजिती केबलपाशी झाली. केबलच्या टोकाला जो कनेक्टर बसतो, त्याची बाहेरची टोपी आधी केबलमध्ये ओवून ठेवायची असते. मग आतला भाग डाग देऊन जोडायचा, आणि शेवटी टोपी पुढे सरकवून फिरवायची. उन्हात उकिडवं बसून मी सुंदर डाग दिला, फुंकर मारली, कौतुकानं बघितलं. टोपी शेजारी कठड्यावर ऊन खात बसली होती. हा मूर्खपणा आमच्या नादातल्या प्रत्येकानं केलेला असतो, आणि प्रत्येक जण तो पहिल्यांदाच केल्यासारखा चडफडतो. मास्तर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. त्यांनी डायरी काढली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं: ‘मला आधीच दिसली होती.’

संध्याकाळी केबल खिडकीतून खाली घेतली, सेटला लावली. मास्तरांनी हात पुसले, बटण दाबलं.

खर्रर्रर्र. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कढईत सतत काहीतरी तळत असल्यासारखा आवाज. त्याच्या खाली कोणी बोलत असेल तर देव जाणे. मास्तरांनी मला डायरी दाखवलीही नाही. नुसती भुवई उचलली, बघ म्हणून.

शनिवार, गच्ची ते तळमजला

सकाळी आधी तारेचं माप तपासायला मीटर लावला. आकडा भलताच. काल संध्याकाळी बरोबर लागलेली तार रात्रीतून बिघडली कशी? मी धावत वर गेले. तारेच्या उतरत्या हातावर दोन चादरी, एक परकर आणि शाळेचा गणवेश वाळत होता, चिमटे लावून. घरतशेठच्या बायको, सुमनताई, शेवटची उशीची खोळ झटकत होत्या.

‘बरा केलाव तुमी,’ त्या म्हणाल्या. ‘दोन वर्सं सांगताव मी यांना, गच्चीवर दोरी बांदा, दोरी बांदा.’

मी त्यांना तारेचं काम समजावलं. त्यांनी निमूट चादरी उतरवल्या. चेहरा मात्र असा पडला की मला माझ्याजवळची उरलेली नायलॉनची दोरी काढून टाकीपासून कठड्यापर्यंत वेगळी बांधून द्यावी लागली. पनवेलमध्ये मी पहिलं यशस्वी बांधकाम केलं ते हे. पत्र्याच्या तुकड्यावर ‘तारेला हात लावू नये’ असं रंगवून तारेखाली टांगलं, कारण सेटवरून बोलताना तारेच्या टोकाला हात लागला तर चटका बसतो.

आता खरखरीचा शोध. यात एक नियम मला तोंडपाठ आहे आणि मी तो प्रयोगशाळेत मुलांना घोकून घेतलाय: सेटची केबल काढा. खरखर थांबली तर दोष बाहेरचा, चालू राहिली तर घरचा. मी केबल काढली, सेट गप्प. लावली, खर्रर्र. म्हणजे दोष बाहेरचा. सोपं होतं.

मी निकाल दिला आणि घरतशेठनी तो अमलात आणला. आख्ख्या इमारतीत दारोदार फिरून त्यांनी वस्तू बंद करायला लावल्या. ते एकेक मजला उतरायचे, मी फोनवर सांगायची. ‘दुसरा मजला, माशांची टाकी बंद केली. कमी झाला का?’ नाही. ‘तिसरा, पलायचा मशीन.’ नाही. एक बाई चटणी वाटत होत्या, त्यांचा मिक्सर अर्ध्यात थांबवला. एका घरी दिवाळीपासून राहिलेल्या दिव्यांच्या माळा होत्या, त्या उतरवल्या. लिफ्ट थांबवली आणि पाचव्या मजल्यावरचे आजोबा दळणाचा डबा घेऊन जिन्यानं आले. खरखर जशीच्या तशी. मिरजेत मी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या घरावर मोर्चा आला असता. इथे लोक दारात उभे राहून विचारत होते, ‘मास्तरांना ऐकू आलं का?’ मला फार लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

दुपारी जेवायला तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुमनताईंनी पाठवलेल्या, पांढऱ्याशुभ्र आणि ओल्या हातानं थापलेल्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीला चावावं लागतं, ही तोंडात आपणच विरते. मास्तरांना आता तीच सोसते. मी दोन खाल्ल्या आणि त्यांच्यासमोर मान्य केलं, ‘मास्तर, पनवेलची हवाच खराब आहे. विमानतळ, कारखाने, हजार इमारती. इथे काही व्हायचं नाही.’ त्यांनी लिहिलं, ‘मी तेच म्हणालो होतो.’ त्यात जिंकल्याचा आनंद मुळीच नव्हता.

रविवार, शिरढोण

हरणं घरतशेठना मंजूर नव्हतं. शिरढोणच्या पलीकडे त्यांची थोडी शेती उरली आहे. रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं: मास्तर, मंदार, केतकी, नात, सुमनताई, मी, सेट आणि तारेचं दुसरं वेटोळं. तिथे वीज नाही म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून गाडीची एक बॅटरी आणून ठेवली होती. सोबत एक मडकं आणि वालाच्या शेंगांची गोणी.

शेताच्या बांधावर दोन जुनी आंब्याची झाडं. तार वरच्या फांदीवर न्यायची होती. मी मिरजेहून खास गलोल आणली होती, दगडाला दोरा बांधून फांदीवरून मारायची. सात वेळा मारली. एक दगड परत माझ्याच पायाशी आला, एक मंदारच्या खांद्याला लागला. घरतशेठ शेवटी गाडीकडे गेले आणि खाडीवर गळ टाकायची काठी घेऊन आले, टोकाला शिशाचं वजन. पाय रोवले, काठी मागे नेली आणि सोडली. वजन सुळ्ळकन नेमक्या फांदीवरून पलीकडे उतरलं. ‘मासा पकडायचा असंल तर तुमी गलोल घेता का?’ ते म्हणाले. मी गलोल पिशवीत टाकली.

बॅटरीला सेट जोडला, केबल लावली, बटण फिरवलं. आणि काय सांगू, शांतता. मागे नुसती हलकी सळसळ, आणि तिच्यावर एकामागून एक स्टेशनं. कोणी तमिळमध्ये हवामान सांगत होता, कोणी हैदराबादेत सेटच्या दुरुस्तीवर तक्रार करत होता, आणि एका बाजूला बारीक, स्वच्छ मोर्स. मास्तरांनी डोळे मिटले. पापण्यांच्या खालून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

मी मोर्सचा खटका, म्हणजे बोटानं दाबायची ती पितळी पट्टी, त्यांच्या पुढ्यात सरकवली. त्यांनी हात मागे घेतला. मी पुन्हा सरकवली. त्यांनी डायरी काढली.

‘रोज नसेल तर नको.’

घरतशेठनी वाचलं. ‘मास्तर, जागा आपलीच हाय. कदी पन या. मी गाडी पाठवीन.’

मास्तरांनी त्यांच्या हातावर थोपटलं आणि लिहिलं, ‘सहलीला येईन. बोलायला नाही.’

मला राग आला, त्यांचाच. एवढं सगळं जमलं, आणि हे महाशय अडून बसले. पण खटका परत डब्यात ठेवताना कळलं, त्यांचंच बरोबर होतं. महिन्यातून एकदा शेतावर जाऊन कोणी बोलत नसतं. बोलायचं ते सकाळी उठल्यावर, चूळ भरून, चहा ठेवायच्या आत. आम्ही अकरा वर्षं बोललो होतो ते भाजीचे भाव, गुडघे, पाऊस आणि कुत्री. त्यासाठी कोणाची गाडी मागवायची नसते.

दुपार कलल्यावर पोपटी लावली. आमच्याकडे हुरडा, तशी यांच्याकडे पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाणी नाही, तेल नाही. धूर मास्तरांच्या गळ्याला चालत नाही, म्हणून सुमनताईंनी त्यांची खुर्ची वाऱ्याच्या वरच्या बाजूला हलवली, आणि वारा फिरला तशी पुन्हा हलवली. मला शेंगांना आलेला तो ओव्यासारखा पाल्याचा वास फार आवडला. मास्तरांनी एक बटाटा कुस्करून खाल्ला. सगळे नको इतके हसत-बोलत होते, आजाऱ्याच्या घरी बोलतात तसे.

दिवेलागणीला घरी आलो. मास्तर सरळ खोलीत गेले. माळ्यावरून सेटचं खोकं त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. सेट टेबलावर ठेवला आणि आपल्या जुन्या पंचात गुंडाळायला लागले, कोपरे नीट दुमडून. मी दारात उभी होते. उद्या ते खोकं घेऊन मला बसमध्ये चढायचं होतं, आणि त्यानंतर या माणसाचे दिवसाला दहा शब्द उरणार होते.

केतकी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ‘मावशी, एक विचारू? मला यातलं कळत नाही.’

‘विचार ना.’

‘तिकडे शेतावर बॅटरी होती. इथे त्या काळ्या डब्यावर चालतो.’ टेबलाखाली सेटला वीज पुरवणारा डबा होता, तिकडे तिनं बोट दाखवलं. ‘इथे बॅटरीवर लावून पाहिलंत का?’

मी तोंड उघडलं ते नियम सांगायला. केबल काढली की आवाज थांबतो, तेव्हा दोष बाहेरचा. तेवढ्यात तो डबा माझ्या डोळ्यांत भरला. बार्शीला मास्तरांकडे जुना, दगडासारखा जड डबा होता. तो आणायला अवजड म्हणून मंदारनं हा नवा, हलका, ऑनलाइन मागवलेला. शुक्रवारी मीच त्याचं कौतुक केलं होतं, पंखासुद्धा वाजत नाही म्हणून. तो डबाच सगळी घाण करत असेल, ती केबलच्या वेष्टणावरून चढून गच्चीवर जात असेल आणि तारेतून पुन्हा सेटमध्ये उतरत असेल, तर केबल काढल्यावर आवाज थांबणारच. केबल काढून मी दोषाची वाटच तोडत होते आणि दोष शेजाऱ्यांच्या मिक्सरमध्ये शोधत होते.

‘मंदार,’ मी म्हणाले, ‘खाली गाडीत राहिलेली ती बॅटरी आण.’

तो लिफ्टची वाट न बघता खाली गेला. मास्तरांनी सेटवरचा पंचा सोडला. मी डब्याची पिन भिंतीतून उपटली, तारा बॅटरीला लावल्या. बटण दाबलं.

सळसळ. हलकी, शेतावरच्यासारखीच. तिच्यावर कुठल्यातरी परदेशातला माणूस घाईघाईनं मोर्स मारत होता.

आख्खी इमारत बंद पाडली, पाचव्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढायला लावला, पनवेलच्या हवेला नावं ठेवली, आणि चोर आमच्याच टेबलाखाली. मास्तरांचे खांदे हलायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी डायरी घेतली. ‘तीस वर्षं प्रयोगशाळेत?’ मी म्हटलं, ‘हसा, मला काही वाटत नाही.’ खरंच वाटत नव्हतं. घरतशेठना फोन केला तर ते इतकंच म्हणाले, ‘म्हंजे माशांची टाकी चालू करू ना?’

सोमवार, सकाळी साडेसहा

मी हेडफोन काढून ठेवला आणि सेटला स्पीकर लावला, घरात सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. मंदार ऑफिसला निघायच्या तयारीत, बूट घालून दारात उभा. केतकीच्या हातात चहा.

हुबळीकर आणि नागपूरकर बोलत होते. नागपूरला थंडी पडली होती. मास्तर फटीची वाट बघत होते. नियमाप्रमाणे आधी आपली परवान्यावरची खूण सांगायची आणि मग मध्ये शिरायचं. हा माणूस जन्मभर नियमानं चाललेला. फट सापडली आणि त्यांनी नियम मोडला. खूण नाही, नाव नाही. नुसतं विचारलं, ‘जागा आहे का?’

मग हुबळीहून एकच शब्द आला, आणि मी तो मोठ्यानं वाचला.

‘मास्तर.’

पुन्हा, घाईघाईनं, चुका करत: ‘मास्तर. मास्तर. कुठे होता एवढे दिवस?’

मंदारनं माझ्याकडे पाहिलं. ‘बाबांनी नाव कुठे सांगितलं?’

‘सांगावं लागत नाही,’ मी म्हणाले. ‘प्रत्येकाचा हात वेगळा असतो. तुझे बाबा शेवटची रेघ जरा ओढतात, तार ऑफिसातली जुनी सवय. देशात हजार जण मोर्स मारत असतील, पण अशी रेघ एकाचीच. हुबळीकरांनी त्यांना आवाजावरून ओळखलं.’

मास्तरांनी तोवर खूण दिली होती, आणि मग सुटले. बोटं थांबायला तयार नव्हती. मंदार दारातून आत आला, बूट न काढता टेबलाशेजारी फरशीवर बसला.

‘मावशी, काय सांगतायत ते?’

मी सांगत गेले. सांगतायत, ऑपरेशन झालं, दुखलं बरंच. सांगतायत, पनवेलला जानेवारीत घाम येतो. सांगतायत, सून हुशार आहे, दोन रेडिओवाल्यांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं. केतकीनं चहा खाली ठेवला. सांगतायत, रात्री झोप लागत नव्हती, वाटायचं मुलाला आपली अडचण होते, पण तो कधी बोलला नाही, रोज ऑफिसातून आला की आधी यांच्या खोलीत डोकावतो. सांगतायत, त्याला हे सांगायचं राहिलंय, कारण डायरीत एवढं लिहिता येत नाही.

मंदारनं खिशातून फोन काढला, ऑफिसात कळवलं की उशीर होईल. मग फोन बाजूला ठेवून वडिलांच्या बोटांकडे बघत मला म्हणाला, ‘हं. आणि आता काय म्हणतायत?’